कांदा चाळीची आग आणि 'विमानातला लेझर' : ओझर परिसरातल्या एका अफवेचा प्रकरण अभ्यास

वैशाखातली रात्र, साडेदहाचा सुमार. नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीपासून चार-पाच किलोमीटरवरच्या गावात पंचवीस टनांची कांदा चाळ पेटली. उन्हाळ कांदा भरून जेमतेम महिना झालेला. भिंती बांबूच्या आणि लाकडी पट्ट्यांच्या, वर उसाचं पाचट, त्यावर हिरवी शेडनेट. पाण्याचा टँकर येईपर्यंत अर्धी चाळ कोळसा झाली. उरलेला कांदा धुरानं आणि पाण्यानं सडणार हे उघड होतं.

त्याच वेळी आभाळात दोन गोष्टी दिसल्या. एक विमान दिवे लुकलुकवत चक्कर मारत होतं आणि एक हिरवा, काठीसारखा सरळ किरण अंधारात हलत होता. मारुतीच्या पारावरून एकानं चौदा सेकंदांचा व्हिडिओ काढला, दुसरा व्हिडिओ एका वस्तीच्या गच्चीवरून निघाला. अकराच्या आत मजकूर तयार झाला: 'ओझरच्या विमानातून लेझरची चाचणी, कांदा चाळ खाक.' सकाळपर्यंत त्याला शेपट्या फुटल्या. द्राक्षबागा करपणार, पाऊस लांबणार, लहान मुलांना बाहेर सोडू नका.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. गाव आणि माणसं मुद्दाम बिननावाची ठेवली आहेत, आणि अशा घटनांत एरवी वेगवेगळ्या ठिकाणी जे घडतं ते एका रात्रीत एकत्र मांडलं आहे. शास्त्रातले आकडे आणि देशविदेशातल्या घटना मात्र खऱ्या आहेत. ग्रामपंचायत सदस्य, विज्ञानाचे शिक्षक, तालुक्याचे बातमीदार आणि कृषी सहायक यांच्यापुढे असा प्रसंग आला तर पहिल्या तीन दिवसांत काय तपासायचं, काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, एवढ्यापुरतं हे टिपण आहे.

लोकांना असं का वाटलं

इथे लोकांना अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते चूक आहे. या भागातल्या माणसाला विमानं नवी नाहीत. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ बनली, मग सुखोई-३० आली. १७ ऑक्टोबर २०२५ ला इथूनच बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपोही इथेच. देवळालीला तोफखान्याची शाळा असल्यामुळे तोफांचा धमाका ऐकत पिढ्या वाढल्या. संरक्षणाचं काहीतरी आपल्या उशाशी चालतं, आणि त्यातलं बरंचसं आपल्याला सांगितलं जात नाही, हा अनुभव खरा आहे.

त्यात १३ एप्रिल २०२५ ची बातमी. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेनं आंध्र प्रदेशातल्या कर्नूलजवळच्या खुल्या चाचणी क्षेत्रात वाहनावर बसवलेलं लेझर अस्त्र, मार्क-२(ए), चालवून दाखवलं. ताकद ३० किलोवॅट. त्यानं ड्रोन पाडले. ही दृश्यं प्रत्येक फोनवर फिरली. पाठोपाठ ७ मे २०२५ चा नागरी संरक्षण सराव आला, त्याच्या यादीत नाशिक, मनमाड आणि सिन्नर होते. म्हणजे 'लेझरनं ड्रोन पाडता येतं' ही गोष्ट खरी, 'आपला जिल्हा लक्ष्य होऊ शकतो' ही भीती सरकारनंच नोंदवलेली, आणि डोक्यावर विमान. या तिन्हींची बेरीज करणारा माणूस तर्कानंच चालला होता. त्याच्या हातात एक गोष्ट नव्हती: कर्नूलचं अस्त्र जमिनीवरच्या वाहनावर होतं, विमानात नव्हतं.

गावातल्या प्रतिक्रिया एकसारख्या नव्हत्या, आणि हे नीट पाहिलं पाहिजे, कारण प्रत्येकीला उत्तर वेगळं लागतं. ज्याची चाळ जळली त्याला भरपाई हवी होती. कारण लेझर की ठिणगी याच्याशी त्याला तोपर्यंत देणंघेणं नव्हतं. बागायतदारांना पिकाची काळजी. बायकांचा पहिला प्रश्न मुलांच्या डोळ्यांचा होता, आणि सगळ्यांत नेमका तोच होता. तरुण पोरांना अभिमान वाटत होता. त्यांनी व्हिडिओला देशभक्तीचं गाणं लावून पुढे ढकलला. काही जाणते म्हणाले, झालं असेल तरी बोलू नका, देशाचं काम आहे. या शेवटच्या प्रतिक्रियेनं सगळ्यांत जास्त नुकसान केलं. बोलायचंच नाही म्हटल्यावर तपासायचंही राहून जातं.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात आणि ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईतल्या लहायना गावात वणव्यानं घरं जळाली, तेव्हा तिथेही 'वरून लेझर मारला' असं लाखो लोकांनी पुढे पाठवलं. आपल्याकडे एप्रिल २०१२ मध्ये सियाचीनजवळ गयारी इथे हिमस्खलनात पाकिस्तानी सैनिक गाडले गेले, तेव्हा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'काली' यंत्राचं नाव घेतलं गेलं. काली हा लेझर नव्हेच. तो इलेक्ट्रॉनांचा त्वरक आहे. नावात दरारा असला की काम आपोआप चिकटतं.

पहिल्या बैठकीत काय चुकलं

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीत बैठक बसली. गावातल्या एका शिकलेल्या तरुणाला बोलायला उभं केलं. तो म्हणाला, "काका, असं काही नसतंच. लेझरनं आग लागत नाही, हे सगळं पिक्चरमधलं."

पुढच्याच मिनिटाला एकानं कर्नूलचा व्हिडिओ लावला. ड्रोन जळून पडताना सगळ्यांनी पाहिला. बैठक तिथेच संपली, कारण आता तो तरुण काहीही बोलला तरी खोटारडा ठरणार होता.

चूक सरळ आहे: खोटा दिलासा दिला. लेझरनं पाचट पेटतं का? पेटतं. हिशेब मांडून दाखवता येतो. ३० किलोवॅटचा किरण तीन किलोमीटरवर आठ सेंटिमीटर व्यासाच्या ठिपक्यात पडला असं धरू. ठिपक्याचं क्षेत्रफळ पन्नास चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ६०० वॅट. वैशाखातलं भर दुपारचं ऊन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.१ वॅट देतं. उन्हाच्या सहा हजार पट. निम्मी ताकद हवेत गेली तरी तीन हजार पट उरते. वाळलेलं पाचट एवढ्यात सेकंदभरही टिकत नाही.

तेव्हा 'होऊच शकत नाही' हे उत्तर चूक. बरोबर प्रश्न असा: त्या रात्री तसं झालं असतं तर कोणत्या खुणा दिसायला हव्या होत्या, आणि प्रत्यक्षात कोणत्या दिसल्या? दुसरी बैठक या प्रश्नावर घेतली आणि ती टिकली.

किरण हिरवा होता, इथूनच सुरुवात

विमानात बसवून आजवर जे मोठे लेझर चालवले गेले त्यांतला एकही हिरवा नव्हता; सगळे डोळ्याला न दिसणारे. अमेरिकेनं १९८३ मध्ये एनकेसी-१३५ विमानातून साइडवाइंडर क्षेपणास्त्रं निकामी केली, तो कार्बन डायऑक्साइडचा लेझर होता, तरंगलांबी १०.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यानंतरचं वायएएल-१ हे बोइंग ७४७ मालवाहू विमान, नाकावर दीड मीटरची दुर्बीण, पोटात क्लोरीन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडीन यांवर चालणारा मेगावॅटच्या घरातला लेझर, तरंगलांबी १.३१५ मायक्रॉन. ११ फेब्रुवारी २०१० ला त्यानं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर क्षेपणास्त्र पाडून दाखवलं. आताचे फायबर लेझर १.०७ मायक्रॉनच्या आसपास चालतात. माणसाचा डोळा ०.७ मायक्रॉनच्या थोडं पुढे गेलं की आंधळा. म्हणून अस्त्राचा किरण बाजूनं बघणाऱ्याला दिसतच नाही. दिसते ती लक्ष्यावरची धग. कर्नूलच्या दृश्यांतही आभाळात काठी दिसत नाही.

हिरवा, धुळीत चमकणारा, बाजूनं दिसणारा किरण म्हणजे बहुतेक वेळा ५३२ नॅनोमीटरच्या (०.५३२ मायक्रॉनच्या) आसपासचा दिवा. असे दिवे नाशिक जिल्ह्यात लग्नसराईत कुठे असतात हे वेगळं सांगायला नको. पण 'डीजेचाच असेल' असं म्हणून सोडलं तर तेही अंदाजच. तपासायच्या तीन रीती अशा.

पहिली: व्हिडिओ एकेक चित्र पुढे नेत बघा. फोनमध्ये सेकंदाला तीस चित्रं असतात. किरणाचं बूड कुठे आहे त्यावर बोट ठेवा, विमानाच्या दिव्यावर दुसरं. चार सेकंदांत विमानाचा दिवा बोटभर सरकला आणि किरणाचं बूड बाभळीच्या त्याच फांदीमागे राहिलं, तर किरण विमानातून निघालेला नाही. पारावरच्या व्हिडिओत नेमकं हेच दिसलं. फोन हलत असेल तर दोन्ही बोटांची तुलना फांदीशी करायची, पडद्याच्या कडेशी नाही. इथे घाई करणाऱ्याचं उत्तर हमखास चुकतं.

दुसरी: दिशा. व्हिडिओ जिथे उभं राहून काढला तिथेच परत उभं राहायचं. चित्रातली पाण्याची टाकी किंवा मोबाइलचा टॉवर यांसारखी स्थिर खूण धरायची, होकायंत्रानं कोन घ्यायचा, नकाशावर रेघ ओढायची. गच्चीवरून दुसरी रेघ. दोन रेघा जिथे छेदतात तिथे दिवा. फोनच्या होकायंत्रात दोन अंशांची चूक धरली तरी दोन किलोमीटरवर फरक सत्तर मीटरचा पडतो, म्हणजे शेत नाही तरी वस्ती नक्की कळते. मात्र मोजताना जवळ ट्रॅक्टर किंवा लोखंडी खांब नको. होकायंत्र वीस-वीस अंश हलतं. इथे रेघा महामार्गालगतच्या एका मंगल कार्यालयाजवळ छेदल्या. त्या रात्री तिथे हळद होती.

तिसरी रीत सगळ्यांना पटली, कारण ती घरचीच आहे. वीज चमकल्यावर गडगडाट येईपर्यंत आकडे मोजायचे, तसं. व्हिडिओत लांबून ढोलाचा ठेका येत होता आणि किरणही ठेक्यात उडत होता, पण दोन्ही जुळत नव्हते. किरण थांबला की ठेका साधारण पाच सेकंदांनी थांबायचा. तीस अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. पाच सेकंद म्हणजे पावणेदोन किलोमीटर. पारापासून मंगल कार्यालय नकाशावर तेवढंच निघालं. दिवा आणि बँड एकाच ठिकाणी आहेत हे यातून पक्कं झालं.

विमानाच्या बाजूनंही एक हिशेब द्यावा लागतो, कारण 'विमानात लेझर बसवणं काय अवघड' हा प्रश्न येतोच. ३० किलोवॅटचा किरण काढायला फायबर लेझरला साधारण तिप्पट वीज लागते, म्हणजे ९० किलोवॅट. पाच हॉर्सपॉवरच्या चोवीस मोटारी एकदम चालवल्यासारखं, गावातल्या १०० केव्हीएच्या डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) जवळजवळ पूर्ण भार. त्यातले ६० किलोवॅट उष्णता होऊन तिथेच साठतात आणि त्या उष्णतेचा निचरा उडत्या विमानात करायचा असतो. शिवाय वेगानं वाहणारी हवा विमानावरच्या लेझरच्या बुरुजाभोवती घुसळते आणि किरण विसकटतो. अमेरिकेनं लढाऊ विमानासाठी 'शील्ड' नावाचा आणि एसी-१३०जे विमानासाठी ६० किलोवॅटचा असे दोन प्रकल्प काढले. दोन्ही २०२४ पर्यंत गुंडाळले गेले. वायएएल-१ वर सोळा वर्षांत सुमारे पाच अब्ज डॉलर गेले. तिथले तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी अमेरिकी संसदेपुढे स्पष्टच सांगितलं की उपयोगी अंतरावरून मारायचं तर लेझर आणखी वीस-तीस पट ताकदीचा हवा. डिसेंबर २०११ मध्ये प्रकल्प बंद झाला आणि २०१४ मध्ये विमान भंगारात निघालं. इस्रायलनं जून २०२१ मध्ये छोट्या सेसना कॅराव्हॅनमधून ड्रोन पाडून दाखवले, तेही किलोमीटरभराच्या टप्प्यात. गोष्ट अशक्य नाही, पण एखाद्या रात्री गुपचूप विमानात टाकून कांद्यावर चालवून बघावी इतकी हलकीही नाही.

मग आग कशानं लागली

चाळीच्या पश्चिम टोकावरून लघुदाबाच्या उघड्या तारा जातात. दोन खांबांमधला झोळ वाढलेला. रात्री दहानंतर वळवाचा वारा सुटला होता आणि साडेदहाच्या आधी दिवे दोनदा मिणमिणले, हे शेजारच्या तीन घरांनी वेगवेगळं विचारल्यावर सांगितलं. वेगवेगळं विचारणं महत्त्वाचं. एकत्र बसवून विचारलं की पहिल्याचं उत्तर तिघांचं होतं.

जागेवर काय पाहायचं: तारांच्या बरोबर खाली जमिनीत आणि राखेत ॲल्युमिनियमचे मोहरीएवढे ते ज्वारीएवढे गोळे सापडतात का. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे नुसत्या आगीतही ते वितळतं. म्हणून एकट्या गोळ्यांवर भिस्त ठेवायची नाही. वर तारेवर, आगीच्या झळेपासून दूर, चावा घेतल्यासारखे खळगे आहेत का हे दुर्बिणीतून किंवा फोनमध्ये चित्र मोठं करून बघायचं. दोन तारांवर समोरासमोर खळगे असतील तर तारा एकमेकींना लागून ठिणगी पडली असं म्हणायला जोर येतो. डीपीतला फ्यूज उडाला होता का, आणि ३३/११ केव्ही उपकेंद्राच्या नोंदवहीत त्या वेळी फीडर ट्रिप झाला का (गावाकडे येणारी मुख्य वाहिनी आपोआप बंद पडली का), या दोन नोंदी मागायच्या. लघुदाबाचा दोष असेल तर फीडर ट्रिप होईलच असं नाही, तेव्हा नोंद नाही म्हणजे ठिणगी नाही असा अर्थ काढू नये. तारेला, खांबाला हात लावायचा नाही. वायरमन आल्याशिवाय जवळही जायचं नाही.

इथे गोळे मिळाले, खळगे दिसले, फ्यूज उडालेला होता. आणि चाळीचा सगळ्यात खोल जळलेला भाग पश्चिम टोकाच्या पाचटाचा, तारांखालचा.

तरी एक आक्षेप उरला, आणि तो फेटाळण्याजोगा नव्हता. चाळीशेजारच्या गोठ्याच्या पत्र्याला एक गोल, पेन्सिल जाईल एवढं भोक होतं. "हे बघा, इथून आरपार गेला." पत्रा उतरवून उजेडात धरला. जस्ताचा मुलामा ४२० अंशांना वितळतो आणि ९०७ अंशांना उकळतो, लोखंडाला वितळायला १५०० च्या वर जावं लागतं. लेझरनं भोक पडलं तर कडेभोवती जस्त उडालेलं मळकट वलय दिसेल, मग पिवळट-निळसर छटांची वलयं, आणि खालच्या बाजूला वितळून गोठलेल्या लोखंडाची खरबरीत मण्यांची किनार. या भोकाची कड आत वळलेली होती, भोवती रबरी वायसरचा काळा गोल ठसा होता आणि गंज जुना होता. पत्रा बसवायच्या जे-हुकाचं भोक. हुक पडून गेलेला. पत्रा सगळ्यांच्या हातांतून फिरवला. ज्यानं भोक दाखवलं होतं त्यानंच वायसरचा ठसा नखानं खरवडून पाहिला आणि पत्रा खाली ठेवला.

पंचनाम्यातलं एक वाक्य

अफवेचा खरा भुर्दंड इथे पडतो. पहिल्या दिवशी उत्साहात लिहिलेल्या कच्च्या पंचनाम्यात होतं: 'आकाशातून विमानाच्या लेझर किरणांमुळे चाळीस आग लागून नुकसान.' हे तसंच गेलं असतं तर वीज कंपनी म्हणणार, आमचा संबंध नाही. संरक्षण खातं म्हणणार, असं काही झालेलं नाही. विमा असेल तर कंपनीला दावा अडवायला आयतं कारण. शेतकऱ्याचं नुकसान तेवढंच, आणि विचारायला दार एकही नाही.

पंचनाम्यात पाहिलेलं, ऐकलेलं आणि कारण या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. बदललेला मजकूर असा झाला: 'चाळीच्या पश्चिम टोकावरून लघुदाब वाहिनी जाते. वाहिनीखाली धातूचे वितळलेले गोळे आढळले, नमुने पंचांसमक्ष सीलबंद केले. तारांवर खळगे दिसतात. डीपीवरील फ्यूज उडालेला आढळला. रात्री वारा होता व दिवे मिणमिणल्याचे शेजारी सांगतात. आकाशात हिरवा प्रकाश दिसल्याचे काही ग्रामस्थ सांगतात. आगीचे कारण चौकशीअधीन.' हिरव्या प्रकाशाचं वाक्य गाळलं नाही. गाळलं असतं तर 'दाबलं' म्हणून अफवा दुप्पट झाली असती.

यासोबत पोलीस ठाण्यात अकस्मात जळिताची नोंद, वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात पोच घेऊन अर्ज, विद्युत निरीक्षक कार्यालयाकडे तपासणीची मागणी आणि तलाठ्याकडे नुकसानीचा तपशील: चाळीची क्षमता, भरलेला कांदा, बाजार समितीतला त्या आठवड्याचा भाव, फोटो तारीख-वेळेसह. राख उचलण्याआधी फोटो. पावसाचे दिवस जवळ असले तर गोळे आणि जळकं पाचट त्याच दिवशी डब्यात भरून सील करायचं.

पोरांचे पॉइंटर

या प्रकरणात लेझरचा खरा धोका निघाला तो तिसऱ्या रात्री, आणि उलट दिशेनं. अभिमान आणि मस्ती यांच्या मिश्रणातून चार पोरांनी हिरवे पॉइंटर आणून उतरत्या विमानावर धरले.

पाच मिलिवॅटचा साधा हिरवा पॉइंटर सोळा मीटरच्या आत थेट डोळ्याला इजा करू शकतो. पुढे इजा होत नाही, पण सुमारे ऐंशी मीटरपर्यंत क्षणभर आंधळं करतो आणि साडेतीनशे मीटरच्या थोडं पुढेपर्यंत समोरचं दिसू नये इतकी चकाकी आणतो. उतरणारं विमान तीन अंशांच्या उतारानं येतं, म्हणजे धावपट्टीपासून पाच किलोमीटरवर ते फक्त २६० मीटर उंच असतं. शेतातून सरळ वर धरलेला पॉइंटर वैमानिकाला चकाकीच्या टप्प्यात गाठतो, काच तो प्रकाश पसरवते आणि धावपट्टीचे दिवे दिसेनासे होतात. बाजारात पाच मिलिवॅट लिहून विकलेला पॉइंटर प्रत्यक्षात कैक पट जास्त ताकदीचा निघतो, हेही धरून चालावं. विमानतळ परिसरात लेझरवर प्रशासन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई करतं. ते पोरांना माहीत नव्हतं, त्यांच्या बापांनाही नव्हतं.

जगात विमान आणि लेझर यांवरून जे वाद झाले त्यांतही किरण बहुतेकदा खालूनच गेला आहे: २०१८ मध्ये जिबुतीजवळ अमेरिकी सी-१३० चे वैमानिक, १७ फेब्रुवारी २०२२ ला अराफुरा समुद्रावर ऑस्ट्रेलियाचं गस्ती विमान, जुलै २०२५ मध्ये तांबड्या समुद्रावर जर्मनीचं विमान. तिन्ही वेळा तक्रार चीनच्या सैन्याविरुद्ध होती.

आणि डोळ्यांचा प्रश्न विचारणाऱ्या बायकांना प्रामाणिक उत्तर असं. अस्त्राचा किरण थेट डोळ्यात गेला तर धोक्याचं अंतर कागदावर शेकडो किलोमीटर निघतं, आणि तो दिसत नसल्यामुळे पापणीही मिटत नाही. म्हणून अशा चाचण्या समुद्रावर किंवा बंद क्षेत्रात घेतात, किरणाच्या मागे काय आहे हे आधी मोजून. कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेल्या लेझर अस्त्रांवर १९९५ च्या व्हिएन्ना करारानं बंदी आहे आणि भारत त्यात सामील आहे. पण तुमच्या मुलाच्या डोळ्याला आज असलेला धोका हळदीतल्या दिव्याचा आहे. दहा वॅटचा शोचा लेझर, एक मिलिरेडियन (दर मीटरला एक मिलिमीटर) पसरणारा, सातशे मीटरपर्यंत थेट डोळ्याला असुरक्षित असतो. आणि आपल्या मिरवणुकीत पोरं त्यापासून पाच मीटरवर नाचतात. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकमधल्या नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण आले होते. नाचताना किरण डोळ्याच्या उंचीवर असेल तर दिवा वर फिरवायला लावा, स्थिर राहणारा किरण बंद करायला लावा, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला मधोमध काळा किंवा धुरकट डाग दिसत असेल तर थांबू नका, डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घ्या.

पाऊस आणि बागा

पाऊस पळवणाऱ्या विमानाची अफवा जुनीच, यंदा तिला लेझर जोडला गेला. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २.४ किलोज्यूल लागतात. ३० किलोवॅटनं सेकंदाला साडेबारा ग्रॅम. एक घन किलोमीटरच्या लहानशा ढगात घनमीटरमागे अर्धा ग्रॅम धरला तरी ५०० टन पाणी असतं. तो एक ढग सुकवायला लेझर सव्वा वर्ष अखंड चालवावा लागेल. उलट ढगच लेझरला अडवतो. जून ते सप्टेंबर हे अस्त्र आपल्या हवेत अर्धं लुळं असतं. द्राक्षबागेतल्या पानांवरचे डाग उन्हाचे होते, पश्चिमेच्या बाजूलाच होते. तिथे पुढचं काम कृषी सहायकाचं.

जो प्रश्न शिल्लक राहिला

दुसऱ्या बैठकीच्या शेवटी एका आजीनं विचारलं: "बरं, या वेळी नव्हतं. पण उद्या खरंच आमच्या डोक्यावर करायचं ठरलं, तर आम्हाला कोण सांगणार?"

याला आकड्यानं उत्तर देता येत नाही. पण जिल्ह्याकडे एक नमुना आहे. देवळालीच्या गोळीबार क्षेत्रासाठी १९३८ च्या युद्धसराव, मैदानी गोळीबार व तोफखाना सराव कायद्याखाली क्षेत्र अधिसूचित होतं, गावांना सूचना जाते, त्या काळात तिथे जायला मनाई असते आणि नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. गुपित राखूनही हे सगळं होतं. कोणती तोफ, कोणता गोळा हे कुणी विचारत नाही. ग्रामसभेनं जिल्हाधिकाऱ्यांना ठराव पाठवला तो याच धर्तीवर. अस्त्राची माहिती मागितली नाही, कारण डीआरडीओ माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ खाली बहुतांश वगळलेलं आहे आणि तो अर्ज फेटाळलाच गेला असता. चार गोष्टी मागितल्या: जमिनीवरच्या माणसाला धोका असेल असा कोणताही प्रयोग या क्षेत्रात होणार असल्यास तारीख व वेळ आधी कळवावी, कोणत्या हद्दीत जायचं नाही ते गट क्रमांकांसह सांगावं, तक्रारीसाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या १०७७ वर असा फोन आल्यास काय नोंदवायचं हे ठरवून द्यावं, आणि आग लागलीच तर पंचनामा कोण करणार, याचं नाव नाही तरी पद लिहून द्यावं.